दोन हजार मीटर, दोनदा

१९१२ च्या जुलैत स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये आठ वल्ह्यांच्या शर्यतीची अंतिम फेरी लागली, तेव्हा दोन्ही बोटी ब्रिटिशांच्याच निघाल्या : लिअँडर क्लब आणि ऑक्सफर्डचं न्यू कॉलेज. मार्ग सरळ नव्हता. वळण होतं, त्यामुळे एका बाजूच्या बोटीला तोटाच. न्यू कॉलेजात अजून सांगतात की नाणेफेक आपण जिंकली आणि रीत म्हणून ‘बाजू तुम्ही निवडा’ म्हटलं. समोरच्यांनी ‘छे, तुम्हीच घ्या’ म्हणायचं, तर त्यांनी खुशाल चांगली बाजू घेतली. ‘जेवूनच जा’ म्हटल्यावर पाहुण्यानं खरंच पाटावर बसावं, तसं! राग निघाला तो ऑक्सफर्डच्याच मॉडलिन कॉलेजवर, कारण लिअँडरच्या बोटीत तिथली मंडळी होती.

लिअँडरनं सुवर्ण घेतलं. चौथ्या जागेवरचा यूअर्ट हॉर्सफॉल मॉडलिनचाच, जेमतेम वीस वर्षांचा. पुढच्या वर्षी केंब्रिजविरुद्धच्या नौकाशर्यतीत तो ऑक्सफर्डच्या बोटीत ‘स्ट्रोक’ला बसला. ही जागा कठीण. मागचे सातही जण त्याच्याच लयीवर वल्हं ओढतात. ऑक्सफर्ड पाऊण बोटीनं जिंकलं.

मग महायुद्ध. १९१६ चं बर्लिन ऑलिंपिक झालंच नाही. हॉर्सफॉल आधी रायफल ब्रिगेडमध्ये, नंतर रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये गेला. १९१६ त मिलिटरी क्रॉस मिळाला, १९१८ मध्ये डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस. हा दुसरा सन्मान सुरूच झाला होता त्या वर्षीच्या जूनमध्ये. फ्लाइंग कोअर ज्यात विलीन झालं, ते रॉयल एअर फोर्सही त्याच एप्रिलमधलं. स्टॉकहोमला सातव्या जागेवर बसलेला अ‍ॅलिस्टर कर्बी मात्र १९१७ मध्ये फ्रान्समध्ये आजारानं गेला.

१९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकची शर्यत ब्रसेल्सजवळ, कारखान्यांच्या कडेनं जाणाऱ्या कालव्यात झाली. आता हॉर्सफॉल स्ट्रोकला. स्टॉकहोमच्या बोटीतला दुसरा एकच जण सोबत होता, सिडनी स्वान. समोर अमेरिकन नौदल अकादमीची तरणी पोरं. ब्रिटिश बोट बराच वेळ पुढे होती, शेवटी अमेरिकनांनी गाठलंच. ६ मिनिटं २.६ सेकंद आणि ६ मिनिटं ५ सेकंद, एवढाच फरक. मला विचाराल, तर त्याच्या सुवर्णापेक्षा हे रौप्य मोठं.

१९४८ मध्ये लंडन ऑलिंपिकच्या नौकाशर्यती हेन्लीला झाल्या, तेव्हा ब्रिटिश नौकानयन संघाचा व्यवस्थापक हॉर्सफॉल होता. तिथे रॅन लॉरी आणि जॅक विल्सन जोडीनं सुवर्ण जिंकलं. दोघंही तिशी ओलांडलेले, सुदानमधल्या सरकारी नोकरीत वर्षं काढून आलेले.