ज्याची वाट पाहतो, त्याचाच फोन

पंधरा वर्षांपूर्वी नगर जिल्ह्यात पारनेर, पाथर्डी, जामखेडच्या पट्ट्यातली मुरमाड जमीन एकाएकी मोलाची वाटू लागली होती. पावसाच्या भरवशावरचं रान, बाजरी झाली तर झाली. आणि वर्तमानपत्राच्या छोट्या जाहिरातींत छापून येई : शेतात किंवा छतावर मोबाईल टॉवर बसवा, लाखांचा ॲडव्हान्स, दरमहा भाडं, घरातल्या एकाला नोकरी. खाली नंबर. फोन लावला की पलीकडचा माणूस अदबीनं बोले. काही दिवसांनी मंजुरीचं पत्र हातात पडे आणि त्यावर दूरसंचार नियामक प्राधिकरणाचं, म्हणजे ‘ट्राय’चं नाव. मग नोंदणीची फी, मग ना-हरकत दाखल्याची, मग कराराच्या स्टॅम्पची. टॉवर कधीच उभा राहत नसे. टॉवर बसवण्याशी किंवा त्याच्या भाड्याशी आमचा काही संबंध नाही, असं ट्रायला पुन्हा पुन्हा जाहीर करावं लागलं.

त्या पत्रातली खूण तेव्हाही उघड होती. ज्यानं आपल्याला पैसे द्यायचे, तोच आधी आपल्याकडे मागत होता. पण ती दिसली नाही म्हणून त्या शेतकऱ्याला अडाणी म्हणायला मी तयार नाही. तीन पावसाळे कोरडे गेल्यावर जमिनीतून भाडं येईल असं कुणी म्हणालं, तर माणूस त्याच्यावर विश्वास ठेवायचीच वाट पाहत असतो. गेल्या दीड दशकात फोनवरून झालेल्या फसवणुकींकडे मागे वळून पाहताना मला हेच ठळक दिसतं. प्रत्येक लाटेत फसवणारा बोलला ते आपण ज्याची वाट पाहत होतो, ज्याला मानत होतो किंवा ज्याला भीत होतो, त्याच्या नावानं.

टॉवरच्या मागोमाग एटीएम कार्डाचे फोन आले. ‘हेड ऑफिसातून बोलतोय, तुमचं कार्ड ब्लॉक झालंय.’ पेन्शन, दुधाचा पगार, उसाचं बिल नुकतंच बँकेत जमा व्हायला लागलेल्या घरांना खातं बंद पडण्याचा धसका होताच. कार्डावरचे सोळा अंक वाचून दाखवायचे, मग मोबाईलवर आलेला आकडा सांगायचा. हे फोन कुठून येतात, या प्रश्नाचं उत्तर म्हणून झारखंडातलं जामताडा हे नाव तेव्हाच आपल्याकडे माहीत झालं.

८ नोव्हेंबर २०१६ ची नोटाबंदी आणि त्याच वर्षी सुरू झालेलं यूपीआय यांनी सगळंच बदललं. चहाच्या टपरीवर क्यूआर कोड लागला. आणि इथे नगरची एक खास गोष्ट सांगायला हवी. हे लष्कराचं गाव आहे. रणगाडा दलाचं प्रशिक्षण केंद्र इथलं, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथलं, भिंगारची छावणी तर इंग्रजांपासूनची. बदली झाली की जवान घरातलं सामान विकतात, हे नगरकरांनी पिढ्यान् पिढ्या पाहिलंय. त्यामुळे जुन्या वस्तूंच्या खरेदी-विक्रीच्या ॲपवर बुलेट किंवा फ्रीज स्वस्तात दिसला, विकणारा ‘बदलीवर निघालेला फौजी’ निघाला आणि त्यानं वर्दीतला फोटो, कँटीनचं कार्ड पाठवलं, की शंका घ्यायचीच लाज वाटायची. देशभर चाललेली ही चाल होती, पण नगरमध्ये तिला आयती जमीन होती. पुढे तो उलटा खरेदीदारही झाला : ‘पैसे पाठवलेत, कोड स्कॅन करून पिन टाका, जमा होतील.’ पिन लागतो तो पैसे देताना, घेताना कधीच नाही. एवढी एक गोष्ट पक्की माहीत असती, तर किती खाती वाचली असती! फसवणारे वापरत ती, समोरच्याकडे पैशाची ‘मागणी’ धाडण्याची यूपीआयवरची सोय व्यक्ती-व्यक्तींच्या व्यवहारांतून अखेर १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद झाली. चांगलं झालं, पण फार उशिरा झालं.

२०२२ साली विजेची पाळी आली. ‘मागच्या महिन्याचं बिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊ वाजता वीज तोडली जाईल, या अधिकाऱ्याला फोन करा.’ आमच्याही घरी हा मेसेज आला, तोही बिल भरलेलं असताना, आणि तरी दोन मिनिटं सगळे पावती शोधत होते. त्या दोन मिनिटांचीच फसवणाऱ्यांना गरज असते. फोन केला की ते एक ॲप टाकायला लावत, ज्यानं आपल्या मोबाईलचा पडदा त्यांना दिसे, आणि मग ‘फक्त दहा रुपये भरून बघा’ म्हणत. साध्या दहा आकडी नंबरावरून असे मेसेज आम्ही पाठवत नाही, हे महावितरणनं वारंवार सांगितलं. पण रात्रीची वेळ मुद्दाम निवडलेली असे. तेव्हा विचारायला ऑफिस उघडं नसतं.

मग अनुदानांचा काळ आला. २६ ऑक्टोबर २०२३ ला शिर्डीत पंतप्रधानांच्या हस्ते नमो शेतकरी महासन्मान निधीचा पहिला हप्ता सुटला. वर्षाला केंद्राच्या पीएम किसानचे सहा हजार आणि राज्याचे सहा हजार. पुढच्या जुलैत लाडकी बहीण योजना आली, महिना दीड हजार. घराघरांत ‘हप्ता पडला का?’ हा रोजचा प्रश्न झाला, आणि गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पीएम किसानच्या नावाची एपीके फाइल फिरू लागली. ती उघडली की मोबाईलमधले मेसेज दुसरीकडे वाचले जातात, ओटीपीसकट. ती पाठवणारा बहुधा ओळखीचाच असतो, कारण आधी त्याचाच मोबाईल गेलेला असतो. लग्नपत्रिका, वाहनाचं चलन, काहीही नाव असो, शेवटी ‘एपीके’ ही अक्षरं दिसली की ती फाइल उघडू नये.

२०२४ मध्ये शेवगाव तालुक्यात घडलं ते फोनवरचं नव्हतं, तरी या मागोव्यातून वगळता येत नाही. शेअर बाजारात पैसे लावून महिन्याला ठरलेला परतावा देतो म्हणणाऱ्यांची कार्यालयं गावोगाव उघडली होती. काही महिने पैसे मिळालेही. मग एकेक कार्यालय बंद झालं, माणसं गायब झाली, पोलिसांत तक्रारी झाल्या. आदल्याच वर्षी, ४ ऑक्टोबर २०२३ ला, रिझर्व्ह बँकेनं नगर अर्बन बँकेचा परवाना रद्द केला होता. शंभर वर्षांहून जुनी बँक जिथे टिकली नाही, तिथल्या माणसाला ‘बँकेपेक्षा आम्ही बरे’ हे वाक्य का पटलं, हे मला कळतं. पण शेअर बाजार दरमहा ठरलेली रक्कम देऊच शकत नाही. त्याची खात्री देणारा कुणीही असो, भावकीतला असला तरी, तिथूनच उठून यावं.

आणि डिजिटल अरेस्ट. याच्याबद्दल बोलताना मला राग आवरत नाही. निवृत्त शिक्षक, एकटी राहणारी आई, ज्यांनी आयुष्यात पोलीस ठाण्याची पायरी चढली नाही, नेमकी अशी माणसं गाठली जातात. तुमच्या नावच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या आधारवर काळा पैसा फिरला; पडद्यावर वर्दीतला माणूस, मागे बोधचिन्ह, हातात खोटं वॉरंट. फोन बंद करायचा नाही, मुलाला सांगायचं नाही. वर्धमान उद्योगसमूहाचे एस. पी. ओसवाल यांच्यासारख्या उद्योगपतीचे २०२४ मध्ये सात कोटी असेच गेले, तिथे आपली काय कथा? २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांना सांगावं लागलं, की कायद्यात अशी अटक नाहीच. त्या एका वर्षात देशात सायबर फसवणुकीत गेलेली रक्कम केंद्राच्या आकडेवारीनुसार २२ हजार ८४५ कोटी रुपये होती. आदल्या वर्षी ती ७ हजार ४६५ कोटी होती. पलीकडे बसलेल्यांतही कितीतरी जण परदेशी नोकरीच्या आमिषानं म्यानमार, कंबोडियात नेलेले. मार्च २०२५ मध्ये म्यानमारच्या सीमेवरून ५४९ भारतीयांना हवाई दलाच्या विमानांनी परत आणावं लागलं.

पैसे गेल्यावर जे होतं ते त्याहून वाईट. माणूस गप्प बसतो. सुनेला काय वाटेल, गाव काय म्हणेल. १९३० या सायबर हेल्पलाइनच्या नंबरावर पहिल्या तासाभरात सांगितलं तर पैसा ज्या खात्यात गेला तिथेच गोठवता येतो, पण तोच तास लाजेत जातो. आणि तेवढ्यात रक्कम दहा खात्यांतून पुढे सरकते. त्यातलं एखादं खातं थोड्या पैशांसाठी भाड्यानं दिलेलं असतं.

आपण सगळ्यांना एकच मंत्र शिकवला : ओटीपी कुणाला देऊ नका. पण मागच्या काही वर्षांत सिलिंडर आणणारा कोड मागतो, पार्सलवाला मागतो. सप्टेंबर २०२५ पासून लाडकी बहीण योजनेच्या ई-केवायसीसाठी सेवा केंद्रांवर रांगा लागल्या, तिथेही बाया आकडा मोठ्यानं वाचून दाखवत होत्या, आणि तेव्हाच त्या योजनेच्या नावाची खोटी संकेतस्थळंही निघाली होती. मग त्यांनी खरं-खोटं ओळखायचं कसं? आकड्याच्या वर लिहिलेलं असतं तो कशासाठी आला ते, किती रुपये जाणार तेही. मात्र ते बहुतेक वेळा इंग्रजीत असतं. अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या आजीच्या हातात आपण मोबाईल दिला, खातं दिलं, अनुदान दिलं. धोक्याची सूचना तेवढी तिला वाचता येत नाही अशा भाषेत ठेवली. ती अजूनही शाळेतून नातू येईपर्यंत मोबाईल तसाच हातात धरून ओट्यावर बसते.