बंपर तडकला? टाकून देऊ नका!

गाडीचा बंपर तडकला की आपण आधी गोंदाची ट्यूब शोधतो. दोन दिवसांत जोड सुटतो. असं का?

बहुतेक बंपर पॉलिप्रॉपिलीनचे असतात. त्याची सरफेस एनर्जी इतकी कमी, की साधा गोंद त्यावर नीट पसरतच नाही, मग धरणार कसा? पण हे थर्मोप्लास्टिक आहे. सुमारे १६० अंश सेल्सिअसला वितळतं, थंड झालं की पुन्हा घट्ट होतं. म्हणून खरा उपाय वेल्डिंग.

बंपर काढून धुवा. आतल्या बाजूला 'पीपी' किंवा 'पीपी-ईपीडीएम' असा कोड असतो. वेल्डिंगची कांडी त्याच जातीची हवी. एबीएसची कांडी पीपीत मिसळत नाही.

आता महत्त्वाची पायरी. चिरेच्या टोकाला ३ मिमीचं भोक पाडा. टोकाशी स्ट्रेस कॉन्सन्ट्रेशन असतं. टोक गोल झालं की ताण विभागतो, चीर पुढे सरकत नाही. मग आतून अर्ध्या जाडीपर्यंत व्ही आकाराची खाच करा. सोल्डरिंग आयर्नने कडा आणि कांडी एकत्र वितळवा, वरून स्टीलची बारीक जाळी गरम करून दाबा. प्लास्टिक तपकिरी पडलं तर ते जळलं, जोड कच्चा समजा. खिडक्या उघड्या ठेवा, धूर वाईट असतो. रंगाआधी प्लास्टिकचा प्रायमर लावा, नाहीतर पापुद्रे निघतील.

मात्र अनेक गाड्यांत बंपरच्या आड धातूचा बीम असतो. धडक झेलतो तो. तोच वाकला असेल तर वरचं प्लास्टिक जोडून गाडी फक्त छान दिसेल. पुढच्या धडकेत तिचा भरवसा नाही. तेव्हा आधी आत डोकावून बघा, मगच आयर्न तापवा!