झाकण काढणारा शब्द

बुद्धिबळाचा पट डोळ्यांसमोर आणा. आपला हत्ती आणि समोरचा राजा एकाच रांगेत आहेत, पण मध्ये आपलाच उंट उभा आहे. आता उंट तिरका सरकवा. हत्ती जागचा हललासुद्धा नाही, तरी राजाला शह बसला! या शहाला म्हणतात ‘डिस्कव्हर्ड चेक’. २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकणाऱ्या नागपूरच्या दिव्या देशमुखला विचाराल, तर ती डोळे मिटूनही हा शह देऊन दाखवेल.

डिस्कव्हर म्हणजे शोध लावणे, असं आपण पाठ करतो. मग इथे कसला शोध लागला? शब्द जरा फोडून बघू. ‘कव्हर’ म्हणजे झाकण आणि ‘डिस’ म्हणजे ते दूर करणं. लॅटिनमधून जुन्या फ्रेंचमध्ये आणि तिथून इंग्रजीत आलेल्या या क्रियापदाचा मूळ अर्थ एवढाच : झाकलेलं उघडं करणं. शेक्सपिअरच्या काळी मनातलं गुपित सांगण्यालाही ‘डिस्कव्हर’ म्हणत.

नागपुरात असं एक भलंमोठं झाकण खरोखर उघडलं गेलं! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहत होता. मध्येच तो थांबे. मग खोलगट जागी पाणी साचून तळी होत आणि त्यांत गोगलगायी नांदत. पुन्हा लाव्हा आला की सगळं त्याच्याखाली गडप! काळ्या खडकाच्या दोन थरांमध्ये गाळाचा थर राहिला, सँडविचमधल्या चटणीसारखा.

१८४५ मध्ये स्कॉटलंडहून स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले. तिथलं हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाचं. ते आणि त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी टाकळी, तेलंगखेडी भागातले हे थर धुंडाळले. शंख, बिया, फळं, सगळ्यांचे दगड झालेले! १८५५ मध्ये लंडनच्या भूशास्त्रीय नियतकालिकात त्यांचा लेख छापून आला. हिस्लॉपनी यातलं काहीच घडवलं नव्हतं. ते तिथेच होतं. त्यांनी फक्त नीट पाहिलं, विचारलं आणि झाकण काढलं.

त्या शंखांत ‘फायसा’ जातीचे शंख आहेत. टोक वर आणि तोंड आपल्याकडे धरलं, तर फायसाचं तोंड डावीकडे येतं. बहुतेक गोगलगायींचं येतं उजवीकडे! या पावसाळ्यात रिकामा शंख सापडला, तर असाच धरून बघा आणि वहीत लिहा : डावा की उजवा?