मुठीच्या आतली तलवार

शिवजयंतीच्या मिरवणुकीसाठी किंवा नाटकासाठी स्वस्तातली तलवार घ्यायला गेलेला माणूस आधी पात्याची चकाकी पाहतो, मग म्यानावरची मखमल. आम्ही कवीही धारेवरच लिहीत आलो. तलवारीचे आयुष्य मात्र मुठीत असते. पात्याचा मुठीत शिरणारा शेपटासारखा भाग रुंद आणि पात्याच्याच पोलादातून घडवलेला हवा. जुन्या तलवारींत तो राळेने पक्का बसवत. स्वस्त नकलेत पुष्कळदा बारीक सळई पात्याला वेल्डिंगने जोडून मुठीच्या टोकाशी नट आवळलेला असतो. फिरवताना तो जोड तुटला, तर पाते थेट बघ्यांत जाते, आणि मिरवणुकीत पुढच्या रांगेत मुलेच असतात.

म्हणून मूठ घट्ट धरून तलवार हलवून पाहा. खडखडली, तर ती फक्त भिंतीवर टांगायची. स्टेनलेस स्टील सहसा गंजत नाही, भिंतीला ते छानच. पण त्याचे लांब पाते आघाताने तडकू शकते. फिरवायला कार्बन पोलाद घ्यावे. नीट पाणी दिलेले पाते हलके वाकवून सोडले, की पुन्हा सरळ होते. वाकडेच राहिले, तर पोलाद मऊ. या पोलादाला गंज चढतो, तेव्हा अधूनमधून तेलाचा हात फिरवावा. चामड्याच्या म्यानात महिनोन्महिने ठेवू नये, ते ओल धरते.