दादीचं सालन आणि नातवाची जीभ: तिखटाची सवय लागते कशी?

जुलैमध्ये आखाती देशांतल्या शाळांना सुट्टी लागते आणि पेण, रोहा, म्हसळा, मुरूडकडच्या घरांत दुबई, कुवेत, दोह्याची नातवंडं येतात. पावसाळ्यात समुद्रातली मासेमारी बंद असते, म्हणून घरात सुका बोंबील, सुका जवळा. दादी हौसेनं सालन करते, तांदळाची भाकरी थापते, आणि पहिल्याच घासाला पोरगं रडायला लागतं. मग पाणी आणा, साखर आणा, अशी धावपळ. दुसऱ्या दिवसापासून त्याच्यासाठी वेगळ्या नूडल्स शिजतात. आठवड्याभरात एका घरात दोन दस्तरखान झालेले असतात.

हेच बाहेरगावाहून आलेल्या नव्या सुनेच्या बाबतीत होतं. फक्त तिला नूडल्स मिळत नाहीत, टोमणा मिळतो. ‘एवढं पण तिखट नाय चालत?’

खरं सांगायचं तर तिखट चालणं हा काही खानदानी गुण नाही. ती लावून घेतलेली सवय आहे, आणि आपल्या अख्ख्या किनाऱ्यानं ती लावून घेतली आहे. अरब प्रवासी अल-मसूदी हिजरी ३०४ मध्ये, म्हणजे इसवी सन ९१६ च्या सुमारास सैमूरला आला होता. सैमूर म्हणजे आपलं चौल. तिथे साधारण दहा हजार मुसलमान राहतात असं त्यानं लिहून ठेवलं. त्या दहा हजारांतल्या एकानंही मिरची चाखलेली नव्हती, कारण मिरची मूळची अमेरिका खंडातली. पोर्तुगीजांनी ती सोळाव्या शतकात हिंदुस्थानात आणली. रोह्याची कुंडलिका जिथे समुद्राला मिळते, त्या रेवदंड्यालाही १५२१ पासून पोर्तुगीजांचं ठाणं होतं. त्याआधी सालनाला तेजी यायची ती काळ्या मिरीची, आल्याची. ‘मिरची’ हा शब्दसुद्धा मिरीवरूनच आला. म्हणजे कोकणातला मुसलमान मिरचीपेक्षा निदान सहाशे वर्षांनी जुना आहे!

आता तोंडात नेमकं काय होतं ते बघू. गोड, खारट, आंबट, कडू या चवी आहेत. तिखट ही चव नाही, ती जळजळ आहे. मिरचीत कॅप्सेसिन नावाचा पदार्थ असतो. आपल्या जिभेवर, कातडीत, डोळ्यांत उष्णता ओळखणारे ग्राहक असतात. साधारण ४३ अंशांच्या वर तापमान गेलं की ते मेंदूला ‘भाजतंय’ असा निरोप धाडतात. कॅप्सेसिन याच ग्राहकाला जाऊन चिकटतं, आणि काही भाजलेलं नसताना तोच खोटा निरोप जातो. म्हणून घाम येतो, नाक वाहतं. हा ग्राहक १९९७ मध्ये शोधून काढणारे अमेरिकन शास्त्रज्ञ डेव्हिड ज्युलियस यांना २०२१ चं नोबेल मिळालं, आर्डेम पॅटापुटियन यांच्यासोबत. मसाल्यासाठी मिरच्यांचे देठ काढणाऱ्या बायांचे हात रात्रभर का जळतात, त्याचं उत्तर हेच. (हातांना आधी तेल चोळा, मग साबण लावा. नुसत्या पाण्यानं जात नाही.)

तेव्हा पोरगं नाटक करत नसतं. त्याला खरंच भाजल्यासारखं वाटत असतं.

पण हाच ग्राहक पुन्हा पुन्हा चेतवला की हळूहळू बोथट होतो. रोज थोडं तिखट खाणाऱ्याला तेवढ्याच मिरचीनं पहिल्याइतकं झोंबत नाही. उलटही खरं आहे: सवय सुटली की जीभ परत नाजूक होते. वर्षभर बाहेर राहिलेल्या मुलाला दर सुट्टीत नव्यानं सुरुवात करावी लागते ती त्यामुळे. ‘मागच्या वर्षी तर खात होतास’ असं म्हणून उपयोग नाही.

सहन होणं वेगळं आणि आवडणं वेगळं. पॉल रोझिन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं मेक्सिकोतल्या एका डोंगराळ गावात याचा अभ्यास केला. तो १९८० मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे अगदी लहान मुलांना तिखट देत नाहीत. पुढे त्यांच्या घासात मिरची थोडी थोडी वाढत जाते आणि पाच-सहा वर्षांची झाली की मुलं स्वतःच मागायला लागतात. कुणी बळजबरी करत नाही, बक्षीसही देत नाही. मोठी माणसं, थोरली भावंडं आवडीनं खाताना रोज दिसतात, तेवढं पुरतं. गंमत म्हणजे त्याच गावातली कुत्री आणि डुकरं रोज तेच तिखट उष्टं खात होती, पण त्यांना त्याची आवड लागलेली नव्हती. रोझिनचं म्हणणं असं की ‘भाजतंय’ हा निरोप खोटा आहे, धोका काही नाही, हे माणसाला कळतं आणि मग त्यातच मजा येते. उरुसातल्या मोठ्या पाळण्यात बसून आपण किंचाळतो आणि खाली उतरून परत तिकीट काढतो, तसंच.

यातून आपल्या घराला घेण्यासारखं पुष्कळ आहे. मुलासाठी वेगळं जेवण करू नका, त्याच सालनातलं त्याला सोसेल इतकं द्या. आपल्याकडे मासा पाण्यात धुऊन मुलाला देतात, ती जुनी रीत अगदी बरोबर आहे. फक्त पाचव्या वर्षीही तसाच खळखळून धुऊ नका. काही दिवसांनी नुसता निथळून द्या, मग भाताला थोडा रस्सा लावा. कॅप्सेसिन तेलात विरघळतं, म्हणून सगळ्यात तेज असते ती वरची तर्री. मुलाला वाढताना पळी तर्रीखालून घाला. त्याच्या वाटीत चमचाभर जादा नारळाचं दूध घातलं तरी फरक पडतो. आठवड्यातून एकदा झणझणीत देण्यापेक्षा रोज थोडं चांगलं. मोठ्या माणसालाही हाच मार्ग आहे, त्यामुळे सुनेलाही चार-सहा आठवडे द्या की!

झोंबलंच तर पाणी फारसं कामाचं नाही. घोट तोंडात आहे तोवर थंड वाटतं, गिळला की आग परत. दूध किंवा दही द्या. त्यातलं प्रथिन आणि स्निग्धांश कॅप्सेसिन जिभेवरून ओढून घेतात. साखरेची चिमूटही चालते. तिखट जेवणावर लगेच गरम चहा मात्र नको, तो आग वाढवतो.

आणि जबरदस्ती नको. प्यारे नबी सल्लल्लाहु अलैहि वसल्लम यांनी कधी कुठल्या खाण्याला नावं ठेवली नाहीत. आवडलं तर खाल्लं, नाही तर सोडून दिलं, ही हजरत अबू हुरैरा यांची रिवायत बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. आपण ही हदीस ‘मीठ कमी आहे’ म्हणणाऱ्याला बरोबर ऐकवतो. पण त्यात न आवडलेलं बाजूला ठेवण्याची मोकळीकही आहे, ती विसरतो.

काहींनी मात्र हा सराव करूच नये. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मिरची नाही. मूळव्याध, फिशर असलेल्यांना आणि ज्यांना वारंवार आंबट वर येतं त्यांना ‘सवय कर’ म्हणणं चूक आहे. मिरचीनं अल्सर होतो हा समज मात्र खरा नाही. बहुतेक अल्सर एका जिवाणूमुळे किंवा वेदनाशामक गोळ्यांमुळे होतात. पण अल्सर झालेला असेल तर तिखटानं त्रास वाढू शकतो, तेव्हा डॉक्टरांना विचारा. रमजानमध्ये दिवसभराच्या रिकाम्या पोटावर एकदम मिरचीची भजी टाकण्यापेक्षा खजूर, पाणी, फळं घ्यावीत, मगरिबची नमाज पढून यावं आणि मग तळलेलं घ्यावं.

राहिला मसाला. वर्षाचा मसाला उन्हाळ्यात एकदाच गिरणीवर जातो, म्हणजे घराचा तिखटपणा तिथेच ठरतो. ब्याडगी आणि काश्मिरी रंगाला, संकेश्वरी तिखटाला, लवंगी तर जपूनच. घरात लहान मुलं किंवा आजारी माणूस असेल तर मिरची ब्याडगीवर ठेवून मसाला करा आणि पाव-अर्धा किलो तेज मसाला वेगळ्या बरणीत ठेवा. ज्याला हवा तो वरून घेईल. रंग तोच, खमंगपणा तोच, सालनाचं पातेलंही एकच.