घर कोणत्या महिन्यात पाहावं?

मे महिन्याच्या मध्याला पुण्यात एक दुपार अशी येते, की उन्हात उभं राहिलं तर आपली सावली पायाखालीच लपते. शून्य सावलीचा हा दिवस शाळेतल्या मुलांना ठाऊक असतो. फ्लॅट शोधणाऱ्यांनीही तो लक्षात ठेवावा. कारण तेव्हापासून जुलै संपत येईपर्यंत सूर्य आपल्या डोक्याच्या उत्तरेकडून जातो आणि या अडीच महिन्यांत दक्षिणेच्या भिंतीला दिवसभरात एकदाही थेट ऊन लागत नाही! उकाड्याच्या भीतीनं दक्षिणेकडची घरं टाळणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

आता तीच खिडकी डिसेंबरात पाहा. भर दुपारीही सूर्य क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर असतो. खिडकीची वरची कड फरशीपासून सात फुटांवर असेल आणि वर छज्जा नसेल, तर ऊन सहा फुटांहून जास्त आत येतं. मे महिन्यातली सावलीची खोली थंडीत उन्हानं भरून जाते, आणि हे सगळं पृथ्वीच्या कललेल्या आसामुळे.

मावळतीची जागाही डिसेंबर ते जून या काळात क्षितिजावर सुमारे ५० अंश सरकते. थंडीत समोरच्या इमारतीआड जाणारा सूर्य एप्रिलमध्ये पश्चिमेच्या बेडरूममध्ये थेट उतरू शकतो. मग रात्री जेवणं झाल्यावरही त्या भिंतीला हात लावला तर ती गरम लागते. डिसेंबरात सकाळी अकरा वाजता घर पाहून गेलेल्याला याचा पत्ताही नसतो.

घर घ्यायला चांगला काळ कोणता, असं विचारलं की बहुतेकांच्या मनात आधी भाव येतो. त्याचंही एक पंचांग आहे. गुढीपाडवा, अक्षय्य तृतीया आणि दसऱ्याला बुकिंगची झुंबड आणि सवलतींच्या जाहिराती. पितृपक्षात सगळं थंड. पितृपक्ष न मानणाऱ्याला याच पंधरवड्यात बिल्डरशी निवांत बोलता येतं. सरकारी वर्ष १ एप्रिलला बदलतं. रेडी रेकनरचे नवे दर लागू व्हायचे असतील तर त्याच दिवशी होतात, आणि करारातली रक्कम व रेडी रेकनरनं निघणारी किंमत यांतली जी जास्त, तिच्यावर मुद्रांक शुल्क बसतं. म्हणून मार्चअखेर दुय्यम निबंधक कार्यालयांत गर्दी असते. २०२० च्या सप्टेंबरात मुंबईत हे शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्के झालं, तेही वर्षअखेरपर्यंतच. त्या डिसेंबरात शहरात १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले, तेही कोविडच्या वर्षात. एका तारखेत केवढी ताकद असते!

तरीही मला निवड करायला सांगितली तर मी जुलै म्हणेन, निदान पाहण्यासाठी. मुंबई-कोकणात पाऊस वाऱ्यासोबत नैऋत्येकडून, पश्चिमेकडून येतो, त्यामुळे त्या बाजूच्या भिंती सगळ्यात जास्त झोडपल्या जातात. संततधारेच्या चौथ्या-पाचव्या दिवशी जावं. खिडकीचे खालचे कोपरे, बाथरूमला लागून असलेली भिंत, शेवटचा मजला असेल तर स्लॅब, जमलं तर कपाटामागची जागाही पाहावी. ओलीचे डाग, रंगाचे पोपडे, बुरशीचा वास, सगळं तेव्हा समोर येतं. दसरा-दिवाळीच्या आधी रंगाचा एक हात मारला, की हेच घर कोरडं ठणठणीत दिसू लागतं.

मेमध्येही एक फेरी मारावी, पाण्यासाठी. पुण्याच्या कितीतरी उपनगरांत उन्हाळ्यात सोसायट्या टँकरवर चालतात. रोज किती टँकर येतात, हे ब्रोशरमध्ये छापलेलं नसतं. गेटवरच्या वॉचमनकाकांना मात्र ते नक्की माहीत असतं.

एवढी सवड नसेल आणि घर नवं असेल, तर रेरा कायदा पाच पावसाळे देतो. ताब्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात किंवा कामाच्या दर्जात दोष निघाला आणि तो कळवला, तर बिल्डरनं तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो. म्हणून ओल दिसली की तारखेसह फोटो काढून लगेच लेखी कळवावं, आणि त्याची पोच घ्यावी.