‘साठी बुद्धी नाठी’ म्हणण्यापूर्वी

घरातील वृद्ध माणूस विसरू लागले की ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणून सारे मोकळे होतात. हा समज शास्त्राच्या कसोटीस उतरत नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीच्या अंदाजाप्रमाणे भारतातील साठीपुढील ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे. संख्या मोठी खरी. परंतु शंभरातील नव्वदांहून अधिक वृद्ध या व्याधीपासून दूर आहेत, हेही त्यातूनच सिद्ध होते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशास हातभार लावणारी १४ कारणे सांगितली. ती सर्व दूर करता आली, तर जगातील सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळेल अथवा लांबणीवर पडेल. त्यांत मधुमेह व रक्तदाबाच्या जोडीला बहिरेपणा, अधू दृष्टी, नैराश्य आणि एकटेपणाही आहेत.

ही कारणे परस्परांचा हात धरून येतात. निवृत्तीबरोबर कचेरीतील वा शाळेतील सोबत सुटते. पुढे ऐकू येईनासे झाले की माणूस बोलणे टाळतो, एकाकी पडतो, खिन्न होतो. ‘यांना काही कळत नाही’, असा निर्वाळा घर देते. वस्तुतः त्यांना पुष्कळदा ऐकूच आलेले नसते. शिवाय नैराश्य, थायरॉइडचा विकार किंवा ब-१२ जीवनसत्त्वाची उणीव यांमुळे आलेला विसराळूपणा उपचारांनी पुष्कळदा कमी होतो.

म्हणून कान व डोळे वेळीच तपासणे, रक्तदाब आटोक्यात ठेवणे, रोज चालणे आणि आपुलकीने चार शब्द बोलणे, ही उपकाराची नव्हे, कर्तव्याची बाब होय. म्हणीच्या आड लपून ते टाळता येणार नाही.